बुडवलेल्या झाडांची जागा

प्रिय होबार्ट भावजी,

तुती पिकून काळी पडली, मासेमारीचे दिवस आले की तिकडे टेक्सासात, लेकीच्या घरीही, तुम्हाला करमत नसणार. क्रॅपी माशांची अंडी घालून झाली, ते काठ सोडून खोल पाण्यात गेले, आणि इथं सगळं गाव दरवर्षीसारखं बोंबलतंय, मासे गेले म्हणून. तुमचे दादा, आमचे वेंडेल, तेव्हा गालातल्या गालात हसायचे. मासे आडोशाला जमावेत म्हणून हिवाळ्यात सिमेंटचे ठोकळे बांधून सीडरची झाडं त्यांनी तळ्यात कुठं बुडवली होती, ते त्यांनाच ठाऊक. आणि मला, कारण होडी धरायला मीच असायचे. होडीतून बघताना काठावरची पाण्याची टाकी चर्चच्या मनोऱ्याआड गेली की थांबायचं, तीच जागा.

तुमची होडी दिसली रे दिसली की हे घाईघाईनं नांगर उचलून भलतीकडेच गळ टाकून बसायचे. तुम्ही लांबून ओरडायचात, "काय रे दादा, लागतंय का काही?"

"कसलं काय! डास तेवढे चावतायत!"

आणि पायाशी माशांनी भरलेली पेटी! संध्याकाळी तेच मासे मक्याच्या पिठात घोळवून तळले, की आमच्याच ओसरीत बसून तुम्ही हाणायचात. वर मला विचारायचात, "वहिनी, मेल्यावर तरी सांगेल का हा जागा?"

भावजी, ती जागा आता त्यांनाच आठवत नाही. बरंच काही आठवत नाही. गेल्या आठवड्यात तळ्याच्या मधोमध होडी थांबवून ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. मी टाकी दाखवली, मनोरा दाखवला. मासा लागलाही, पण त्यांनी हिसका दिला. क्रॅपीचं तोंड कागदासारखं, हिसक्यानं फाटतं, हे तुम्हाला त्यांनीच शिकवलेलं. मला रडू आवरेना.

तेवढ्यात लांबवर कुणाची तरी होडी दिसली. हे एकदम ताठ झाले. भराभर नांगर ओढला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "लोरीन, होबार्ट येतोय. गप बस, त्याला कळू देऊ नकोस." कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं मी.

म्हणून हे पत्र. पाणी तापायच्या आत या. जागा तर मी वर लिहूनच टाकली आहे, पण तुम्हाला ती ठाऊक नाही असंच दाखवा. लांबून होडी आणा, ओरडून विचारा, आणि त्यांना पोटभर खोटं बोलू द्या.

वाट बघणारी, तुमचीच वहिनी,
लोरीन