तयार केलेली जागा

आई, टोकावड्याच्या धाब्यावर बसून लिहितोय. बोअरची गाडी बंद पडलीय, मिस्त्री मुरबाडहून यायचाय. समोरच्या डोंगरावरून ऊन सरकतंय, कुणी हळूच चादर ओढून घ्यावी तसं. चादर म्हटली की मला धसईच्या पुढचा तो बंगला आठवतो, तू कामाला होतीस तो. नऊ खोल्या. शनिवारी पाहुणे यायचे, म्हणून शुक्रवारी तू त्या लावायचीस आणि मी शाळा बुडवून तुझ्या मागे. तू चादर झटकतेस, ती हवेत फुगते, आणि खाली बसेपर्यंत खोलीत सगळं पांढरं होतं. मग तळहातानं सुरकुत्या काढत जातेस, उशाकडून पायथ्याकडे. ओठ हलत असतात. प्रार्थना की गाणं, मला कधी कळलं नाही. एकदा तशाच बिछान्यावर मला झोप लागली, मळक्या पायांनी. तू दंडाला धरून उठवलंस. “ऊठ रे! ही जागा तुझी नाय.” मी डोळे चोळत विचारलं, “मग माझी कुठली?” तू दुसरी चादर काढलीस आणि पहिल्यापासून सगळं सारखं केलंस.

उत्तर दिलंस ते घरी, चुलीपुढे, नाचणीची भाकरी थापताना. “येशू जायच्या आधी आपल्या माणसांना काय बोलला, ठाव हाय? बापाच्या घरात खूप खोल्या हायत. मी पुढं जातो, तुमची जागा तयार करतो.” मी म्हटलं, “मग तिथंबी तुलाच ठेवतील झाडू मारायला.” बाबा दारातून हसले, “घे! पोरगा तुझ्या पाळकाच्या वर गेला गो.” तूही हसलीस, पण भाकरी उलटता उलटता म्हणालीस, “नाय रे. तो सोता करतो. मालक असून सोता. मंग मी नुसती जायची.” आपल्या चर्चचे पाळक शहापूरहून यायचे, याच वचनावर तासभर बोलायचे. मरण, आशा, अनंतकाळ. माझं लक्ष बाहेरच्या शेळ्यांकडे. मला कळलं ते तुझंच: जन्मभर दुसऱ्यांच्या खोल्या लावणाऱ्या बाईची खोली कुणीतरी आधीच लावून ठेवलीय.

पुढे मी बोअरच्या गाडीवर चढलो आणि भटकतच राहिलो. तू खूप आजारी आहेस असा बाबांचा फोन आला तेव्हा कसाऱ्याला होतो. लगेच निघालो, खरंच निघालो. पण शहापूरला ओळखीचा टेम्पोवाला भेटला, म्हणाला, चल, धरण बघून जाऊ. मी गेलो. पाणी बघत बसलो आणि दिवस गेला. माझे दिवस कसे जातात तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी पोचलो तर बाबा आणि चर्चच्या मंडळीतले दोघं आपल्या शेताच्या कडेला तुझ्यासाठी खणत होते. बाबांनी वर न बघता म्हटलं, “आलास? रोज सांच्याला तुझं आथरूण घालायला लावायची मला.”

मी त्यांच्या हातातलं फावडं घेतलं. जमीन मला कळते आई, तेवढंच शिकलो. आधी लाल माती, मग मुरूम. खाली उतरून खडे वेचले, ढेकळं फोडली, आणि बघतो तर हात आपोआप तुझ्यासारखा फिरत होता, उशाकडून पायथ्याकडे. तेव्हा वाटलं, येशूनंही पुढं जाऊन असंच केलं असेल, हात मळवून. आधी स्वतः त्या मातीत उतरून, मग आपल्याला बोलावून. पाळकांना विचारायचं राहूनच गेलं, असा अर्थ चालतो का. सात वर्षं झाली. कधी वाटतं हेच खरं, कधी वाटतं उशिरा आलेल्या माणसानं काढलेली ही स्वतःची समजूत.

मिस्त्री आलाय, हॉर्न वाजतोय. घरी गेलो तर हा कागद तुझ्या पवित्र शास्त्रात त्या वचनाच्या पानाशी ठेवीन. एक सांगायचं राहिलं. तुला आणायला सगळे घराकडे गेले, तेव्हा मी त्या जागेत आडवा झालो होतो. खडा टोचतो का बघायला, असं मनाशी म्हटलं. पण गार होतं, वर आभाळ पांढरं, फुगलेलं, आणि उठावंसं वाटेना. ती माझी नव्हती, माहीत होतं. पावलं ऐकू आली तसा उठलो आणि पहिल्यापासून सगळं सारखं केलं.