नाव सापडलं का सांगजा

५ एप्रिल, अकोला
पोचलो एकदाचा! अमरावतीचं कॉलेज मधातच सोडलं म्हणून बाबा बोलत नाहीत. नका बोलू. जठारपेठेत खुशालरावांच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम मिळालं, वरची खोलीही. कूलर मस्त, खिडकीत कडुनिंब. मालक मजेशीर माणूस. लोक दुरुस्तीला टाकून न्यायलाच येत नाहीत असे फोन एका ड्रॉवरमध्ये आहेत. दर शनिवारी तो ते सगळे चार्जिंगला लावतो. मी हसलो तर म्हणे, "माणूस कवाबी येते. त्याले आपला फोन मेलेला दिसला नाही पाहिजे."

इथंच का आलो ते फक्त कागदावर लिहितो. आचल. या महिन्याच्या शेवटी तिचं साक्षगंध आहे, अकोल्याच्याच पोराशी. कॉलेजभर माझ्यासोबत फिरली, आता म्हणते विसरून जा. कसं काय विसरू?

११ एप्रिल
ड्रॉवरमधला गुलाबी कव्हरचा फोन उचलला. लॉक मालकानंच कधीतरी तोडलेलं. सिम चालू, कोणीतरी अजून रिचार्ज मारतंय. त्यावरून बिननावाचं खातं उघडलं आणि आचलला लिहिलं: साक्षगंध मोड, नाहीतर तुझे फोटो तुझ्या सासरी पोचतील.

फोन माझा नाही, सिम माझं नाही. माझ्यापर्यंत येणार कोण? आज कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो.

१४ एप्रिल
तिचं एकच उत्तर: कोण आहेस तू? नाव सांग.

आणि मग तिनं मलाच फोन केला, माझ्या खऱ्या नंबरवर. रडत होती. घरी कळलं तर बाबा जीव देतील म्हणाली, कोण असेल रे हा? मी म्हटलं, शोधतो. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. पण तिला माझीच आठवण आली ना! अजून एक मेसेज टाकला, जरा कडक.

१७ एप्रिल
गुलाबी फोनवर सूचना आली: तुमचा प्रवास पाहा. नकाशा उघडला. फोन घेतल्यापासून माझ्या पेटीत आहे, तरी नकाशावर निळी रेघ. मूर्तिजापूरपासून निघालेली, रुळाला धरून अकोल्याकडे, काटेपूर्णापर्यंत. पायी, असं दाखवतो.

नकाशा बिघडला असेल. लोकेशन बंद केलं.

१९ एप्रिल
काल शनिवार, मालकाच्या चार्जिंगपुरता फोन ड्रॉवरमध्ये ठेवून परत उचलला. लोकेशन बंदच आहे. रेघ बोरगावला.

सहज विचारल्यासारखं मालकाला विचारलं, तो गुलाबी फोन कोणाचा. मूर्तिजापूरच्या कौशल्याबाईच्या पोरीचा, करिश्माचा, म्हणाला. कोणीतरी बिननावाचा तिला फोटोंची धमकी देत होता. पोरगी रुळावर जाऊन झोपली. माय फोन घेऊन आली होती, तो कोण ते काढून द्या म्हणून. मालकाला काही सापडलं नाही. जाताना ती एवढंच म्हणाली, "पुसू नोका जी. तो याच्यातच हाय. नाव सापडलं का सांगजा."

तेव्हापासून रिचार्ज तीच मारते. मालक शनिवारी चार्ज करतो.

जेवण गेलं नाही.

२१ एप्रिल
खातं बंद करायला बसलो. बंद करण्याआधी तुमचं नाव टाका, म्हणतं. खोटं टाकलं. हे तुमचं नाव नाही, म्हणतं.

सिम काढून मोडलं. फोन बंद करून ड्रॉवरमध्ये परत टाकला. चहा पिऊन वर आलो तर उशीवर. चालू. रेघ यावलखेडच्या अलीकडे—

आचलला सगळं सांगून टाकावं का? सांगितलं तर—

२२ एप्रिल, दुपार
ऊन उतरेस्तोवर मालक शटर ओढून घरी जातो. मी एकटा. रेघ अकोला स्टेशनात.

नंतर—
जठारपेठ. आमचीच गल्ली. फोन विचारतो, हे तुमचं घर आहे का?

जिना सिमेंटचा आहे. पण आवाज रुळामधल्या गिट्टीवरून चालल्यासारखा. सावकाश—

आचलची चॅट आपोआप उघडली. मी हात लावला नाही. अक्षरं उमटून राहिली— मी पुसतो, पुन्हा— "आचल, तो मी"—

दाराला कडी आहे. होती—

हा पेनही मी चालवत नाही— हात माझाच, पण— माझं नाव पियुष भगवं—