बाजाराच्या वारांची वही

धामणगाव बढे,
रविवार

प्रिय देवानंददादा,

सप्रेम जय भीम. हातात फोन असताना पत्र कसलं लिहितेस, म्हणून हसू नकोस. फोनवर तू मला बोलू कुठं देतोस? मी काही म्हणायच्या आत विचारतोस, गोळ्या चालू आहेत ना, फिट आली नाही ना, डॉक्टर गाडीचं काय म्हणाले?

आधी बातमी. मला नोकरी लागली. शेतकरी बायांना घरचं बियाणं निवडून टिकवायला शिकवणाऱ्या संस्थेत, बारा गावं माझ्याकडे. जाहिरातीत तीच ओळ होती, 'स्वतःची दुचाकी व परवाना आवश्यक'. त्या ओळीनं तीन वर्षं माझा पिच्छा पुरवला होता.

आता कबुली. मागच्या वर्षी खताच्या कंपनीत निवड झाली नाही, असं तुला सांगितलं ते खोटं होतं. झाली होती. तुझं ऐकून मिरगीचं नाव काढलं नव्हतं, जुनं लायसन्स दाखवलं होतं. पहिल्याच दिवशी साहेबांनी गाडीची चावी दिली आणि पिंपळगाव राजाला जाऊन यायला सांगितलं. मी चावी टेबलावर ठेवली, पाणी पिऊन येते म्हणाले आणि सरळ बसस्टँड गाठलं. चोरासारखी घरी आले रे. पुन्हा लपवून कुठं लागायचं नाही, हे त्याच दिवशी ठरवलं.

मग आईबरोबर रोज वेगळ्या गावच्या आठवडी बाजाराला जायला लागले. ती मिरच्या विकायची, मी शेजारी पोत्यावर बसायचे. बसून बसून लक्षात आलं, की ज्या बायांसाठी साहेबलोक गाडीनं गावोगाव फिरतात आणि कुलपं बघून परततात, त्या सगळ्या आठवड्यातून एकदा आपल्या पायांनी आईपुढं येतात. कुणाच्या घरची तूर चांगली, हे त्यांना पाठ असतं. मी वही केली. कोणत्या गावच्या बाया कोणत्या वारी, कोणत्या एसटीनं येतात, परतीची काळीपिवळी जीप कधी भरते, सगळं लिहिलं.

मुलाखतीत संस्थेच्या अश्विनी मॅडमनी विचारलंच, गाडी चालवता ना? घाबरले की माझ्या तोंडात घरची बोली येते. म्हणाले, "नाही मॅडम. मले मिरगी आहे. गाडी चालवणार नाही, पण काम करीन." आणि बाया बाजारातच भेटतील म्हणत वही पुढं सरकवली. मॅडमच्या शेजारी बसलेले माणिकराव सर पानं चाळत म्हणाले, बाजारात कोण थांबतं, बायांना घाई असते. मी म्हटलं, "माह्या मायनं वीस वर्षं बाजार केले, सर. तिले कोणती गाडी चालवता येते?"

त्यांनी महिनाभर बघू म्हटलं. महिना काल संपला आणि मला कायम केलं. दोन गावांना एसटी जात नाही. तिथं फाट्यावरून चालत जाते, सोबतीला तिथल्या बायांच्या गटातली चांगुणाबाई असते. फिट आली तर नाकाला चप्पल-कांदा लावायचा नाही, कुशीवर वळवायचं, हे तिला शिकवलंय. आता ती ते बाकीच्या बायांनाही शिकवते. मला स्वतःचा फार अभिमान वाटतो, दादा. आईला तर विचारूच नकोस, मिरची मोजता मोजता गिऱ्हाइकांना सांगत सुटते.

पाकिटात बोटाला लागतेय ती स्कूटीची चावी आहे. तू पहिल्या पगारातून माझ्यासाठी घेतलेली. बाबा अजून दर रविवारी ती गाडी पुसतात आणि धम्मा बरी झाली की चालवेल म्हणून तू ती विकू देत नाहीस. रागानं पाठवत नाहीये. रेणुकावहिनीला पुण्यात कामाला येईल, घेऊन जा. तू माझ्या बरं होण्याची वाट बघत बसतोस, तेव्हा मला वाटतं, माझं आयुष्य अजून सुरूच व्हायचंय. ते सुरू झालंय, दादा. यापुढं फोन केलास, तर आधी गोळ्यांचं नको विचारूस. आज कोणता बाजार, एवढं विचार.

तुझीच कमावती बहीण,
धम्मशीला