घोट्याला बांधलेली दोरी

दि. ४ नोव्हेंबर

चि. टिटवीस,

चिखलात लोळणाऱ्या नातीला कोरड्या आजीचे अनेक आशीर्वाद. अक्षर तुझ्या वहिनीचं, बडबड माझी. फोनवर तू घागरीत तोंड घालून बोलल्यासारखी ऐकू येतेस, त्यापेक्षा पत्र बरं. पुन्हा पुन्हा वाचून घेता येतं, आणि वाचणारी नातसून असल्यामुळे कंटाळली तरी बोलत नाही. (हे वाक्य ती गाळत होती. मी लिहायला लावलं.)

तू पाठवलेला चिखल्याचा फोटो भिंतीवर लावलाय. मूठभर पाखरू, पण तू पोटावर पडून त्याच्या डोळ्याला डोळा भिडवलास, म्हणून हत्तीएवढं दिसतं. संध्याकाळचं ऊन थेट त्याच्या बुबुळात शिरलंय. कॅमेरा ठेवून चिखलात पुढे सरकवायला माझी जुनी परात वापरतेस, हे ऐकून मात्र कपाळाला हात लावला. परातीचंही नशीब असतं म्हणायचं.

थोरल्याला सांग, कारखाना बंद म्हणून बहिणीबरोबर गेलायस, तर राखण नीट कर. पोरी, तुझी नजर जमिनीला टेकलेली, मागून खाडीची भरती आली तरी तुला दिसायची नाही. हाक मारली तर पाखरं उडतात, म्हणून तुझ्या घोट्याला दोरी आणि दुसरं टोक त्याच्या मनगटाला, ही युक्ती झकास आहे. हिसके बसले की पाणी आलं, ऊठ. पण परवा चहाची तलफ आली म्हणून त्यानं उगाच हिसके दिले, पाखरं उडाली आणि तुम्ही लहानपणासारखे भांडलात, हे वाचताना ही हसत सुटली. हसू दे, पण दोरी तिनं दहा दुकानं पालथी घालून निवडलीय. तिचे खेळ करू नका.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची अंगठेबहाद्दर आजी


दि. २ डिसेंबर

ती. आजीस आणि वहिनीस, सा. न.

दादाला घरी आणलं, सगळं उरकलं, आणि मी खोली रिकामी करायच्या निमित्तानं इथे परत आले, त्याला आठ दिवस झाले. अजून काही आवरलेलं नाही. त्याचे बूट खिडकीत आहेत. त्यांच्यावरचा चिखल वाळून तडकलाय.

वहिनी, तू विचारत होतीस आणि मला बोलता येत नव्हतं, म्हणून लिहिते. भरती समोरून आली नाही, मागच्या ओहोळात आधी पाणी चढलं. दादा ते बघायला दोन पावलं मागे गेला आणि मांडीपर्यंत रुतला. माझ्या पायातून दोरी निसटली होती, त्यामुळे मला कळलंच नाही. मी उठले तेव्हा पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं होतं. एवढंच.

कॅमेरा पेटीत बंद करून ठेवलाय. आजी, तब्येतीला जप.

टिटवी


दि. १० डिसेंबर

चि. टिटवीस,

आशीर्वाद आहेतच. ते काही तुझ्या वागण्यावर अडत नाहीत.

अक्षर बदललेलं दिसेल. खालच्या मजल्यावरची शिंपीण लिहितेय. तिच्या तोंडात दिवसभर टाचण्या असतात, त्यामुळे गोष्ट बाहेर फुटायची भीती नाही. तुझी वहिनी कामावर गेलीय, ती यायच्या आत उरकायचं आहे.

थोरल्याच्या कपड्यांबरोबर ती दोरी आली. त्याच्या मनगटाकडचं टोक दवाखान्यातल्या लोकांनी कापलेलं. तुझ्या घोट्याकडचं टोक मी हातात घेऊन बसले. लाँड्रीत चाळीस वर्षं मी गठ्ठे बांधले. चिठ्ठ्या वाचता येत नव्हत्या, म्हणून कुणाचा गठ्ठा कुठला, ते गाठीवरून ओळखायची. घोट्याला मारायची गाठ तुला मीच शिकवली. ती ओढली की आवळते, बोटांनी सोडल्याशिवाय सुटत नाही. पायातून निसटली असती, तर फास गाठीसकट तसाच राहिला असता. टोक मोकळं आहे, पोरी.

तुझी वहिनी रोज ती दोरी काढून चोळून बघते. म्हणते, फार गुळगुळीत घेतली, जरा खरखरीत बघायला हवी होती, माझ्याच दोरीनं दगा दिला. ताटावर बसते आणि तशीच उठते. मी तिला गाठीचं सांगू शकते. सांगणार नाही. ते सांगणं माझं नाही.

तू लिही. मला वाचता येत नाही, म्हणजे पत्र तीच मोठ्यानं वाचणार, हे ध्यानात धरून लिही. शिंपिणीकडे मी ते नेणार नाही. इथे येऊन माझ्या कानात सांगशील, तर कान गेलेत असं समज. मला तुझी दया येईल आणि मी सगळं गिळून बसेन. आज्यांना ती खोड असते.

माया अजून शाबूत आहे. तिच्यावर भार टाकायला भिऊ नकोस.

आजी


दि. १७ डिसेंबर

ती. आजीस, सा. न.

वहिनी, हे तू वाचते आहेस. मध्येच थांबू नकोस.

त्या संध्याकाळी वारा माझ्याकडून दादाकडे होता. त्यानं हाका मारल्या असतील, माझ्यापर्यंत आल्या नाहीत. लांब पायांच्या शेकाट्या पाखरांची जोडी माझ्यापासून चार हातांवर आली होती. वर्षभर वाट पाहिली होती तिची. ऊन जायला थोडाच वेळ उरला होता. तेवढ्यात हिसका बसला. मला वाटलं, याला पुन्हा चहा हवाय. मी पाय आखडून धरला. पुन्हा हिसके आले. मी मागे वळून पाहिलं नाही. डावा हात मागे नेऊन गाठ सोडली आणि दोरी पायानं ढकलली. मनात त्याला शिवी दिली. मग ऊन संपेपर्यंत फोटो काढत राहिले.

दोरी निसटली नव्हती. मी खोटं लिहिलं. वहिनी, तुझ्या दोरीनं तिचं काम चोख केलं, त्याचा प्रत्येक हिसका माझ्यापर्यंत पोचवला.

लोभ असावा असं लिहायची माझी लायकी नाही.

टिटवी


दि. २२ डिसेंबर

चि. टिटवीस,

आशीर्वाद.

पत्र तिसऱ्या दिवशी आलं. हिनं ते उभ्यानं वाचलं, बातम्या वाचतात तसं, शेवटपर्यंत. मग गाठीच्या ओळीपाशी परत गेली आणि ती ओळ पुन्हा वाचली. मला ऐकवायला नाही. नंतर म्हणाली, आजी, तुम्हाला माहीत होतं. मी हो म्हटलं. तेव्हापासून माझा चहा कप फुटेल असा आपटून ठेवला जातो. कप माझे आहेत, तरी आपटू दे. काल तिनं दोन घास खाल्ले.

आज स्वतःच कागद घेऊन बसली आणि म्हणाली, सांगा. आता जन्मभर टकळी चालवलेली मी, पण आज एवढंच सांगते. तो माझा नातू होता आणि तू माझी नात आहेस, यातलं काही पुसता येत नाही. घरी ये, असं मी म्हणणार नाही. ते म्हणायचा हक्क हिचा. ती आज म्हणत नाहीये.

आजी

आजींचं संपलं. पुढचं माझं. माफीचं मला विचारू नकोस. 'पुन्हा हिसके आले' असं लिहिलंस. किती आले? त्यानं कितीदा ओढलं आणि किती वेळ? मला नक्की सांग.

वहिनी


दि. २७ डिसेंबर

वहिनीस,

तेव्हा मोजले नव्हते. आज कॅमेरा पेटीतून काढला. हिसका बसला की फोटो हलतो, आणि प्रत्येक फोटोची वेळ कॅमेऱ्यात राहते. हललेले सात आहेत. पहिल्यापासून सातव्यापर्यंत चार मिनिटं. सातवा सगळ्यात जास्त हललाय, त्यात पक्षी ओळखू येत नाही.

आजीलाही हे वाचून दाखव.

त्यानंतरचे चौतीस स्थिर आले आहेत.

टिटवी