हौदात सोडलेली कमळाची मुळी

आबा, काल पुन्हा माझ्या दारातलं कमळाचं घमेलं उपसलं. आता वाकताना कंबर धरते, तरी दर माघात हे काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. काळ्या मातीतून कमळाची मुळी ओढून काढायची, कोंबाकडची दोन पेरं ठेवायची आणि बाकीचे तुकडे छाटून उन्हात वाळत टाकायचे, म्हणजे ते कुठे रुजत नाहीत. तुम्ही शिकवलंत तसं, तुमच्याच चाकूनं. आणि दरवर्षी हात चिखलात असताना तीच गोष्ट वर येते, जी तुम्हाला सांगायची राहिली. राहिली कसली, मी सांगितली नाही. त्या हौदात मुळी तुमच्या हातून राहिली नव्हती, आबा. ती मी सोडली होती.

नवीन जालन्यात त्या अडतवाल्या शेटच्या बंगल्यावर तुम्ही माळीकाम करायचात. दुष्काळात बागेतला हौद कोरडा पडला, शेट म्हणाले मरू दे ते कमळ, आणि तुम्ही एक मुळी घमेल्यात घालून घरी आणलीत. आमच्या वाट्याला तोंड धुवायला तांब्याभर पाणी, आणि धुतलेलं पाणी कमळाला. 'लेकरांपरीस ते लाडकं हाय ह्यांना,' आई कुरकुरायची. पुढं पाऊस परतला, हौद भरला. शेटनं सांगितलं, मुळी सरळ तळातल्या गाळात लावा, फुलं जास्त येतील. तुम्ही ऐकलं नाहीत. 'ह्याला मोकळं सोडायचं न्हाई, शेट. बोट दिलं की हात धरतं हे. सारं पाणी झाकून टाकील.' घमेल्यासकट ते तळाशी ठेवलंत. वैशाखात पहिली फुलं आली, ती बुद्धपौर्णिमेला ओल्या फडक्यात गुंडाळून तुम्ही विहारात नेलीत. वस्तीतून चालताना तुमची मान काय ताठ होती. मीही तुमच्या मागं तशीच चालत होते.

त्याच उन्हाळ्यात मी मॅट्रिक झाले. शाळेतल्या बाईंनी औरंगाबादच्या वसतिगृहाचा अर्ज आणून दिला होता. आई चुलीपुढं भाकरी थापते आहे, तुम्ही ताटावर बसला आहात, आणि मी तो कागद तुमच्या गुडघ्याजवळ ठेवते. तुम्ही तो उचलतही नाही. 'पोरीला तिकडं एकटं मोकळं सोडायचं न्हाई. एक साल जाऊ दे, मंग बघू.' तेच शब्द, आबा. कमळाला लावलेलेच. तुमच्या ते ध्यानातही आलं नसेल, माझ्या आलं. अर्ज आईनं पेटीत ठेवला आणि मी घरी बसले.

माघात हौद उपसून साफ करायला तुम्ही मला बरोबर नेलंत. तुम्ही मुळी छाटत होता आणि तुकडे माझ्याकडे देत होता, कुंपणापाशी उन्हात टाकायला. मग तुम्ही शेणखत आणायला मागं गेलात. माझ्या हातात तीन तुकडे होते, तिन्हींना पिवळसर कोंब. मी खाली उतरून ते तळाच्या गाळात आडवे दाबले. फार विचार केला नव्हता. ह्याला तरी मोकळं होऊ दे, एवढंच वाटलं. तुम्ही परत आलात आणि माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडे बघून म्हणालात, 'शाब्बास, कामाची हाय पोरगी.'

पावसाळा संपेपर्यंत हौदात पाणी दिसेना. पानावर पान, फुलं मात्र दोन-तीनच. खालचे मासे मरून वर आले आणि बंगल्यात वास सुटला. पान पाण्याखाली छाटलं की पोकळ देठातून पाणी आत शिरतं आणि मुळी कुजते, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून महिनाभर तुम्ही कंबरभर पाण्यात उभं राहून पानं पाण्याखालून छाटलीत. देठांच्या काट्यांनी दंड ओरबाडून निघाले. संध्याकाळी आई त्यांना हळद-तेल लावायची आणि मी कंदील पुसत बसायचे. शेवटी शेटनं हौद मुरूम टाकून बुजवून टाकला. 'आता तुमचा हात बराबर चालेना. ध्यानच ऱ्हायलं न्हाई,' एवढं बोलून त्यांनी तुम्हाला घरी बसवलं.

त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत. ओरडून नाही, अगदी हळू. 'तू व्हतीस माझ्यासंगं. सारे तुकडे बाहेर टाकल्ते ना आपण?' तेव्हा खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, 'तुम्ही दिले तेवढे टाकले मी. तुमच्याच हातून एखादा ऱ्हायला असंल.' तुम्ही तळहात उलटासुलटा करून बघत राहिलात.

आठ दिवसांनी तुम्हीच पेटीतून तो अर्ज काढलात. 'जाय तू. माझ्या हाताचा मलाच भरवसा न्हाई ऱ्हायला, मंग तुला कोणत्या तोंडानं अडवू?' पुढच्या उन्हाळ्यात एसटी स्टँडवर छाटणीचा चाकू फडक्यात बांधून माझ्या हाती दिलात. 'तुझा हात बराबर हाय. मला आता काय करायचाय?' मी शिकले, मास्तरीण झाले, पोरींनी शिकावं म्हणून लोकांच्या दारात जाऊन भांडले. आणि तुम्ही पुन्हा एक रोप लावलं नाहीत. दारातल्या मोगऱ्याला पाणीसुद्धा आईच घालायची. 'माझा हात लागला की बिघडतं,' म्हणायचात.

सांगायला वेळ मिळाला नाही, असं मी माझ्या लेकींना सांगत आले. त्यानंतर नऊ वर्षं तुम्ही होतात आणि दर सुट्टीला मी घरी येत होते. सुरुवातीला भीती, की खरं कळलं तर कॉलेज बंद कराल. मग लाज. मग तर तुमचं ते वाक्य घरात सगळ्यांच्या सवयीचंच झालं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? चाकूच्या फडक्यातच ठेवते. मात्र एक अजून राहिलं. तुम्ही तळहात बघत बसला होतात, तेव्हा मला रडू आलं होतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगते आहे. तसं नव्हतं, आबा. तेव्हा मला बरं वाटलं होतं.