डबीच्या बुडाला नंबर

६ जानेवारी २०२५, सोमवार

पुस्तिका आल्या. चारशे. घरातली मारहाण, कायदा काय म्हणतो, अर्ज कुठं द्यायचा — सोळा पानं, रंगीत, गुळगुळीत. आमच्या शेफालीनं पुण्याच्या ऑफिसात बसून छान केल्यात, नावं ठेवायला जागा नाही. आज वरवे बुद्रुकच्या बैठकीत वाटल्या. सतरा बायका होत्या. सगळ्यांनी चाळल्या, चित्रं बघितली, आणि उठताना सतराच्या सतरा सतरंजीवर ठेवून गेल्या.

बचत गटाच्या रत्नाताई म्हणाल्या, "साबिराताई, ही घरी न्हेली तर आदी हिला फाडतील, मग आमाला." सगळ्या हसल्या. मीही हसले. हसायचं काय होतं त्यात, कुणास ठाऊक.

सतरंजी गुंडाळताना अश्विनी मागं राहिली. पंचविशीची, नवरा गोरख टेम्पो चालवतो. घरात तिघंच — ही, तो आणि सासू बाळाबाई. विचारलं, "ताई, दुसऱ्या बाईसाठी तकरार करता येती का?"

येते, म्हटलं. कोण बाई?

"हाय एक."

अकरा वर्षं हे काम करतेय. प्रत्येकीची 'हाय एक' असते. स्वतःचं नाव पहिल्या भेटीत कुणी घेत नाही. मी खोदलं नाही. आमच्या मदत केंद्राचा नंबर पाठ कर म्हटलं, तर म्हणाली, "पाठ करून भागायचं न्हाई. लिवलेला द्या. पर घरात दिसाय नको."

लिहिलेला हवा आणि दिसायला नको. सोळा पानांत याचं उत्तर नाही.

९ जानेवारी, गुरुवार

सुचलं! संक्रांत आलीच आहे. हळदीकुंकवाचं वाण म्हणून मोहरीची स्टीलची डबी द्यायची आणि बुडाला नंबर चिकटवायचा. नुसता नंबर, वर एक अक्षर नाही. मोहरीच्या डबीची पाठ कुठला नवरा बघतो? शेफालीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही इथं ऑफिसला या आणि मी तिकडं जाते."

हनीफ जेवताना म्हणाले, "मुसलमानाची बायको वाण लुटणार. भोरमधी एवढंच बघायचं राहिलं होतं." म्हटलं, डब्या आणायला चला माझ्याबरोबर. आले.

१७ जानेवारी, शुक्रवार

रत्नाताईंच्या घरी हळदीकुंकू. अडतीस डब्या गेल्या. जिला तिला तिळगूळ देताना कानात सांगत होते — बुडाला बघा, घरी गेल्यावर. एकीनं तिथंच डबी पालथी करून बघितली आणि पिशवीत घातली.

आत सवाष्णी, बाहेर ओट्यावर विधवा बायका. पोरं सांभाळत, शेंगा फोडत. मला मात्र थेट आत घेतलं, हाताला हळद लावली. मी मुसलमान, पण हनीफ जिवंत आहेत, म्हणजे सवाष्ण! परत येताना याचं हसू आलं.

अश्विनीनं डबी दोन्ही हातांनी घेतली. बरं वाटलं. खूप दिवसांनी काहीतरी नीट झाल्यासारखं वाटलं.

२२ जानेवारी, बुधवार

अश्विनी बैठकीला नाही. रत्नाताईंना विचारलं. म्हणाल्या, हळदीकुंकवाहून घरी पोचली तशी बाळाबाईंनी दारातच तिच्या हातातली डबी घेतली, उलटी करून बघितली आणि ट्रंकेत टाकली. किल्ली स्वतःच्या कमरेला. शेजारणीनं डोळ्यांनी पाहिलं.

म्हणजे सासूला कळलं. माझ्या हुशारीनं.

२३ जानेवारी, गुरुवार

गेले वरव्याला. निराधार योजनेची चौकशी करायला आले असं सांगितलं. गोरख अंगणात टेम्पो धूत होता. "या ना ताई," म्हणून त्यानंच खुर्ची दिली, त्यानंच पाणी आणलं. बोलायला मऊ माणूस. बाळाबाई आत खाटेवर, पदर हनुवटीपर्यंत ओढून. उठल्या नाहीत. चहा घ्या म्हणाल्या नाहीत. माझ्याकडे बघितलं ते असं, की जणू मीच काहीतरी घेऊन पळालेय.

अश्विनीचा गळा, मनगटं, चालणं — सगळं बघितलं, प्रशिक्षणात शिकवतात तसं. कुठं काही दिसलं नाही. मला सोडायला फाटकापर्यंत आली. "मी बरीय ताई. खरंच बरीय. तुमी नका येऊ हितं. येळ आली की फोन व्हईल."

वेळ आली म्हणजे काय, हे विचारायचं राहिलं. नोंदवहीत लिहिलं — सासूचा दबाव. सुनेला धोका.

२४ जानेवारी, शुक्रवार

शेफालीला सांगितलं, पुढच्या पुस्तिकेत सासूवर वेगळं पान कर.

३० जानेवारी, गुरुवार

केंद्राचा मोबाईल आठवडाभर माझ्याकडेच ठेवलाय. डब्यांवरून चार फोन आले. दोघी नसरापूरच्या, त्यांच्या माहेरवाशिणीच्या डबीवरून त्यांनी नंबर उतरवून घेतला होता. म्हणजे कल्पना चालली. शेफालीनं अहवालात घातली सुद्धा.

अश्विनीचा फोन नाही.

मला बाळाबाईंचा राग येतो. लिहून टाकते, इथं कोण वाचतंय. स्वतः सोसलं असेल, तेच सुनेच्या वाट्याला घालायचं आणि वर किल्ली कमरेला खोचून बसायचं. आणि भीतीही वाटते. तिला काही झालं तर ती डबी मी दिलीय. मंगळवारपर्यंत वाट बघायची, नाहीतर पोलिसपाटलांना घेऊन घरी जायचं. ठरलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी साडेदहा. अश्विनीचा नंबर. उचलला तर आवाज बाळाबाईंचा.

"सुनंनं लावून दिलाय. तिनंच सांगितलं हुतं डबीचं. कुकू पुसल्याल्या बाईला कोन देतंय वाण, म्हनून तिची ठिवून घेतली. गोरखनं हात मोडला माजा. दुसऱ्यांदा. आईला बी करता येती का वो तकरार?"

येते, म्हटलं. अकरा वर्षांत एकाही बैठकीत हे मी सांगितलेलं नाही.