अप्रत्यक्ष परिणाम : निरंक

३ एप्रिल
साहेबांनी बोलावलं. आपल्या खात्यामुळे पर्यावरणावर कोणते अप्रत्यक्ष परिणाम होतात, याचं मूल्यमापन मी करायचं. लातूर, नांदेड दोन्ही जिल्हे. ऑफिसात डोकं कुणाला आहे हे उशिरा का होईना कळलं. रिपोर्ट झकास झाला की मेमध्ये नांदेडला बदली पक्की. नांदेडला बायकोला फोन केला, माझ्यासाठी कपाट रिकामं कर. राजश्री म्हणाली, मागच्या सालीबी केलं होतं. कौतुक म्हणून नाहीच.

९ एप्रिल
खालच्या कार्यालयांकडून माहिती मागवली, तीन रंगीत प्रतींत. मुरुड, उमरी, बिलोली, सगळ्यांचं उत्तर एकच : 'निरंक'. म्हणजे परिणामच नाही! कामचुकार लेकाचे. स्वतः जीपनं फिरणार. डिझेल प्रत्यक्ष परिणामात येतं, माझा विषय अप्रत्यक्ष.

१६ एप्रिल
बिलोलीत जंगी स्वागत. शाल, हार, पाण्याच्या बाटल्यांचे खोके, फ्लेक्स. फोटो बरा आलाय. माहिती घ्यायची राहिली.

२४ एप्रिल
मेमध्ये ऑफिस तपासायला पर्यावरण समिती येणार. छतावर सोलर बसवलं, तर अंगणातल्या कडुलिंबाची सावली नेमकी त्यावर. झाड काढायला सांगितलं. आमच्या इंजिनिअर धम्मप्रिया मॅडम म्हणाल्या, सर, पॅनल सरकवता येतं, झाड नाही. प्रत्येक कामात खोडा! झाडाखाली चहा विकणारी कमलम्मा रडायलाच लागली. सायेब, खेड्यावरची माणसं हितंच बसतेत, उन्हात कुठं जावं त्यांनी? तिला दीर्घकालीन फायदे समजावले. तिला काय कळणार.

३० एप्रिल
लिंब गेला. आता ऊन थेट मीटिंग हॉलमध्ये. समितीसाठी एसी घेतला. सोलरवर चालेना, म्हणून जनरेटर. तोही प्रत्यक्षातच धरायचा.

७ मे
समिती आली, जेवली, गेली. बाहेर रांगेत एका म्हातारीला भोवळ आली. वाईट वाटलं. मॅडमनी विचारलं, सर, हा परिणाम प्रत्यक्ष की अप्रत्यक्ष? उद्धट बाई.

३० मे
बदल्यांची यादी लागली. माझं नाव नाही. तीनदा वाचली.
साहेबांनी रिपोर्ट परत केला. खातं अडचणीत येईल असलं काही नको म्हणे, एका शब्दात पाठवा. लिहिलं : निरंक. सही ठोकली.
सवयीनं चहाला खाली गेलो. कमलम्मा कुठंय कुणाला ठाऊक नाही. बुंध्यावर टेकलो तर चटका बसला.
राजश्रीचा फोन आला, कपाट रिकामं करू का म्हणून. बदलीचं काय झालं विचारलं.
निरंक, म्हणालो.